उजव्या खांद्यावरचा रॉड

"हात तुटले का वं तुह्ये? रॉड दे!"

नरहरी ओरडला तसे शेडमधले चार-दोन जण सवयीनं हसले. वनमाला त्याच्या पाठीमागे उकिडवी बसली होती. तिनं उजव्या डब्यातून एक रॉड काढला, टोकाशी छापलेला बारीक आकडा पदराआड पाहून घेतला आणि रॉड नरहरीच्या उजव्या खांद्यावर टेकवला. त्यानं मागे न बघताच तो घेतला, वेल्डिंगच्या होल्डरमध्ये अडकवला, काळी काच तोंडापुढे धरली. ठिणग्या उडाल्या. वनमालेनं मान फिरवली.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागून चौथा दिवस होता. रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्या शेडचा पत्रा सकाळी नऊलाच तडतड वाजायला लागायचा, आणि दुपारी तर पाण्याच्या ड्रमला हात लावला तरी चटका. बाया डोक्यावर ओली फडकी घेऊन वावरत. फडकं पंधरा मिनिटांत कोरडं ठणठणीत. वनमालेच्या काखेत घामोळ्यांची पुरळ उठली होती आणि ब्लाऊजची शिवण त्यावर दिवसभर घासायची. पण ते कोणाला सांगणार, आणि सांगून काय होणार.

भोपाळपासून वेगळं राज्य होऊन हा दुसरा उन्हाळा. रायपूर राजधानी झालं आणि ज्याला त्याला घाई सुटली. साहेब लोक भोपाळहून आले, त्यांना बसायला खुर्च्या हव्यात, राहायला बंगले हवेत, त्यांच्या पोरांना वसतिगृहं हवीत, आणि वसतिगृहात गरम पाणी हवं. तशा गरम पाण्याच्या बारा टाक्यांचं काम या शेडला मिळालं होतं. टाकी स्टेनलेसची, खालचे पाय साध्या लोखंडाचे.

आणि मेख नेमकी तिथंच होती. लोखंडाला लोखंड जोडायचं तर साधा रॉड, तो आंधळासुद्धा ओळखेल. स्टेनलेसला स्टेनलेस जोडायचं तर तीनशे आठ नंबरचा. पण स्टेनलेसच्या टाकीला लोखंडाचा पाय जोडायचा, म्हणजे दोन जातींचं लग्न लावायचं, तर त्याला तीनशे नऊच लागतो. तिथं आठचा लावला तरी टाका दिसायला झकास दिसतो. चकचकीत, एकसारखा, बघणारा म्हणेल वा रे कारागीर. पण आतून तो कडक होऊन बसतो आणि जोर पडला की कडेनं तडकतो. टाकी पाण्यानं भरलेली असली आणि खाली कोणी उभं असलं, तर मग बघायलाच नको. आठ आणि नऊ हे रॉड दिसायला सख्खे जुळे. जाडी तीच, रंग तोच, वजन तेच. फरक काय तो टोकाशी छापलेल्या मुंगीएवढ्या आकड्यात.

आणि नरहरीला तो आकडा दिसत नव्हता.

दोन वर्षं झाली होती. आधी त्याला वाटलं, धूर आहे, जाईल. मग गोल बाजारातल्या गाडीवरून एक चष्मा आणला. चष्म्यातून सगळं पांढरंफटक दिसायला लागलं, तो त्यानं चिडून नालीत टाकला. मोतीबिंदू होता. ठिणगीचा झगझगीत उजेड दिसायचा, त्या उजेडात जोडाची फट दिसायची, आणि पंचवीस वर्षांचा हात बाकीचं काम आपोआप करायचा. त्याच्यासारखा सरळ टाका अख्ख्या उरल्यात कोणाचा नव्हता. पण आकडा म्हटला की अंधार. शिबिरात फुकट ऑपरेशन होतं हे त्याला माहीत होतं. पण ऑपरेशन केलं की दीड महिना आगीसमोर बसायचं नाही, आणि रोजंदारीच्या वेल्डरची जागा दीड महिना कोण धरून ठेवणार? सोमवारी गेला तर मंगळवारी त्याच्या स्टुलावर दुसरा.

युक्ती वनमालेनंच काढली होती. हेच तिला नंतर इतकं सलायचं. ती तुमसरकडची, सातवी झालेली. ती रेजा म्हणून शेडवर लागली, वीटमाती उचलायला, आणि मग नवऱ्याची हेल्पर म्हणून त्याच्या मागे बसली. ठरलं असं, की नऊचा रॉड उजव्या खांद्यावर द्यायचा, आठचा डाव्या, साधा लोखंडाचा गुडघ्याशी ठेवायचा. तोंडानं काही बोलायचं नाही.

"पन लोकाईले वाटन का, हा मानूस बायकोच्याच हातानं काहून घेते?" नरहरीनं तेव्हा विचारलं होतं.

"तुमी मले शिव्या देत जा," वनमाला म्हणाली होती. "जोरजोरानं. म्हंजे लोकं म्हनतीन, बाई बेअक्कल हाये, हा तिले शिकवून राहिला."

पहिल्या दिवशी त्यानं शिवी दिली तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं होतं. घरी आल्यावर तिच्या पायाला लागलेला चटका त्यानं स्वतः खोबरेल लावून चोळला आणि म्हणाला, "लय बोललो का वं आज?" ती म्हणाली, "अजून थोडं बोला, तो बाजूचा वेल्डर पाठक खरं मानून नाही राहिला." दोघंही हसली. असे पाच-सहा महिने गेले. मग तो घरी आल्यावर हसेनासा झाला. मग शिव्या घरी यायला लागल्या, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, बादली वाटेत ठेवली म्हणून. तोंडाला एकदा चव लागली की लागली. आता दोन वर्षांनी शेडमधल्या लहानथोराला, चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं, की नरहरीची बायको ठार अडाणी आहे आणि तो बिचारा कसंबसं निभावतो.

उरल्याशेजारच्या बीरगावातल्या दोन खोल्यांत त्यांची पोरगी पायल, दहावी झालेली, हे सगळं ऐकायची. ती मराठीत बोलायचीच नाही. "माँ, आप कुछ बोलती क्यों नहीं?" एवढंच अधूनमधून विचारायची आणि उत्तराची वाट न बघता बाहेर जायची.

त्या चौथ्या दिवशी दुपारी ठेकेदाराचा फोरमन श्यामराव सगळ्यांना बोलावून सांगता झाला, की उद्या टाक्या घेणाऱ्या खात्याचे इंजिनीअर साहेब येणार. चार वेल्डर आहेत, चौघांची परीक्षा होणार. स्टेनलेसच्या पट्टीला लोखंडाची पट्टी जोडायची, मग ती शिकंज्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून साहेब वाकवणार. जोड टिकला तो पास.

"अन् जो पास होईन," श्यामराव म्हणाला, "त्याले ठेकेदार परमनंट करून राहिला. कार्ड भेटन. दवाखान्याचं, सुट्टीचं, सगळं त्याच्यातच."

श्यामराव हा नरहरीचा चुलतभाऊ, वयानं मोठा. त्यानंच नरहरीला रायपूरला आणलं होतं, आणि ते तो आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवायचा. वनमाला त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायची.

कार्ड. वनमाला मनातल्या मनात जोडत गेली. कार्ड म्हणजे भरपगारी रजा. रजा म्हणजे ऑपरेशन. ऑपरेशन झालं की नरहरी आकडा स्वतः वाचेल, आणि तिला त्याच्यामागे बसून शिव्या खायची गरज उरणार नाही. तिला वाटलं, तो माणूसच तेव्हा परत येईल, खोबरेल लावणारा. असं वाटणं मूर्खपणाचं होतं, पण वाटलं.

नरहरीलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानंतर त्याचा हात घाईला आला. सहाव्या टाकीचा पाय धरून तो बसला. वनमाला पाण्याचा घोट घ्यायला ड्रमकडे वळली, तेवढ्यात त्यानं मागे हात घालून डब्यातला रॉड स्वतःच उचलला. डाव्या डब्यातला. पायाचा जोड होता, आणि हातात आठचा रॉड.

वनमालेनं तांब्या टाकला आणि त्याचं मनगट धरलं. "अवो, तो नोहोय, तो नोहोय!"

 ग्राइंडरवाल्यानं ग्राइंडर बंद केलं. तिकडून श्यामराव बघत होता, चेहऱ्यावर एक प्रश्न घेऊन.

नरहरीनं उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारली. हातात कातड्याचा मोजा होता, कोपरापर्यंतचा, आणि त्या मोज्यावर आत्ताच झालेल्या जोडावरून उडालेली गरम मळी चिकटलेली. ती गालाला लागली तेव्हा आधी काही वाटलंच नाही. मग कोणी निखारा दाबून धरावा तसं वाटलं आणि तिच्या नाकात आपल्याच कातडीचा जळका वास आला.

"माह्या हाताले हात लावते?" नरहरी म्हणाला.  "तुले समजते का रॉडातलं? समजते का काही?"

"नाही," वनमाला म्हणाली.

कोणी हसलं नाही, पण कोणी पुढेही आलं नाही. तिनं तांब्या उचलला, त्यातलं उरलेलं पाणी गालावर घेतलं आणि परत त्याच्यामागे येऊन बसली. आणि उजव्या खांद्यावर नऊचा रॉड ठेवला. नरहरीनं तो घेतला. जोड झाला.

पाच वाजता चहाच्या टपरीवर श्यामराव नरहरीशेजारी बसला. वनमाला मागच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, डबे पुसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"लय जोरात बसली तिले," श्यामराव म्हणाला.

"मंग काय करू? चारचौघांत हात धरते."

"धरलं तं धरलं. पन एक सांगू का?" श्यामरावानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तिच्या गालाले असं जाळून टाकलं तुनं, अन् उद्या परीक्षेले तिच्याच हातून रॉड घेशीन. भेव नाही वाटत तुले? बाईमानसाच्या मनातलं कोनी सांगावं."

 श्यामरावानं चहा सुर्रकन ओढला. आता त्याला कोणाचं मुद्दाम वाईट करायचं होतं असं नाही. त्याला चहाबरोबर तोंडी लावायला काहीतरी हवं होतं, एवढंच. पण नरहरीनं आपला चहा अर्धाच ठेवला.

त्या संध्याकाळी नरहरी घरी आला तो टरबूज घेऊन. दोन वर्षांत त्यानं घरी फळ आणलं नव्हतं. त्यानं ते स्वतः कापलं, मोठी फोड वनमालेपुढे ठेवली. तिचा गाल एव्हाना सुजून डोळ्यापर्यंत आला होता, फोडाची कड पाण्यानं तट्ट फुगली होती, तोंड उघडायचं तरी कातडी ताणायची. तिनं फोड खाल्ली नाही. तिला त्या टरबुजाची भीती वाटली.

पायलनं गाल पाहिला. "ये किसने किया?" तिनं विचारलं. वनमालेनं पदर गालावर ओढला. पोरगी कोपऱ्यातली आपली ओढणी घेऊन शेजारी निघून गेली.

नरहरी जवळ सरकला. "वने, उद्या बरोबरच देशीन नं?"

"दोन वर्सं झाले, कधी चुकली का मी?"

"नाही चुकली. पन सांग." त्यानं टरबुजाची फोड बाजूला सारली. "पायलच्या डोक्यावर हात ठेवून सांग. बलावतो तिले."

वनमालेनं त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं ती त्याचे डोळे होऊन बसली होती. पायाला चटके, हाताला चटके, काखेत घामोळ्या, आणि आख्ख्या उरल्याच्या शिव्या तिनं खाल्ल्या, तेही स्वतः मागून घेतलेल्या. आणि हा माणूस आता शपथ मागत होता. तिला रडू आलं नाही. राग आला, असा की दात एकमेकांवर बसले.

"पोरीचं डोकं याच्यात आनू नका," ती म्हणाली. "मी नाही घेत शपथा-बिपथा."

"काहून नाही घेत?"

"नाही घेत म्हनलं नं."

तो मागे सरकला. बराच वेळ तो तिच्याकडे बघत बसला. दिसत तर त्याला काही नव्हतं, नुसता तिच्या साडीचा रंग दिसत असेल. वनमालेनं चूल पेटवली, चून, म्हणजे पिठलं, आणि भाकर केली, आणि भाकर थापताना तिच्या मनात एकदा येऊन गेलं, उद्या उजव्या खांद्यावर आठचाच द्यावा का खरंच. आलं आणि गेलं.  हे खोटं कशाला सांगू, आलं होतं. पण कार्ड तिला त्याच्याहून जास्त हवं होतं.

सकाळी दहाला इंजिनीअर साहेब आले. तिशीतला, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. आवाज हळू. त्यानं रॉडचे सीलबंद खोके आपल्यासमोर फोडायला लावले आणि चौघा वेल्डरांना दोन्ही जातींचे रॉड वाटले. कोणता लावायचा हे त्यानं सांगितलं नाही, तीच तर परीक्षा होती. हेल्पर चालेल का, असं श्यामरावानं विचारलं, तर म्हणाला, "रोज़ जैसे काम करते हो, वैसे करो."

वनमालेनं नेहमीसारखे डबे लावले. उजव्यात नऊ, डाव्यात आठ. प्रत्येक रॉड तिनं डोळ्याशी नेऊन तपासला. सुजलेला डोळा उघडत नव्हता, तर दुसऱ्यानं तपासला, दोनदा.

पहिले तीन वेल्डर झाले. मग नरहरी बसला. पट्ट्या शिकंज्यात लागल्या. त्यानं काच कपाळावर घेतली आणि हात मागे केला. वनमालेनं नऊचा रॉड उजव्या खांद्यावर ठेवला.

नरहरीनं तो घेतला. होल्डरमध्ये घातला नाही. बोटांमध्ये फिरवत राहिला.

"दुसरा दे," तो म्हणाला.

"हाच हाये," वनमाला पुटपुटली.

"दुसरा दे म्हनलं नं! कानात बोळे घातले का?"

शेडमध्ये हसू फुटलं. साहेबही किंचित हसला, काहीतरी रोजचं असावं म्हणून.  वनमालेला सगळं कळलं, ती गालाचा सूड उगवतेय असं त्याला वाटत होतं. टरबूज कळलं, शपथ कळली, तो चहा कळला. तिनं तो परत दिलेला रॉड घेतला, डब्यात हात घातल्यासारखं केलं आणि तोच रॉड, तोच नऊचा, आता डाव्या खांद्यावर ठेवला. त्याला वाटू दे हा डाव्या डब्यातला दुसरा आहे, त्याला वाटू दे त्यानं तिला पकडलं. काय वाटायचं ते वाटू दे.

त्यानं घेतला. होल्डर उचलला. वनमालेनं श्वास सोडला. आणि मग त्याचा हात पुन्हा थांबला; तिनं तोच रॉड परत दिला असेल, असा संशय त्याला आला असावा. त्यानं तो रॉड जमिनीवर फेकला, कंबरेतून मागे वळला आणि स्वतः डाव्या डब्यात हात घातला. वनमालेनं डब्याची कड धरली. त्यानं कोपरानं तिला ढकललं, एक रॉड उपसला आणि पुढे वळला.

तिनं तोंड उघडलं. गालावरची कातडी ताणली गेली, फोड फुटला, मानेवर ऊन पाणी ओघळलं. आठ हाये तो, एवढे तीन शब्द होते. पण समोर साहेब वहीत मान घालून काही लिहीत उभा होता. ती बोलली असती तर जोड वाचला असता, आणि वेल्डरला आकडा दिसत नाही हे साऱ्या शेडला कळलं असतं. डोळे अधू असलेल्या वेल्डरला कोण कार्ड देणार? ती विचार करत राहिली आणि ठिणग्या उडायला लागल्या.

टाका सुंदर झाला. तिघांपेक्षा सुंदर. साहेब वाकून बघून म्हणाला, "हाथ तो बढ़िया है."

मग पट्ट्या गार झाल्यावर त्यानं एकेक शिकंज्यात धरली आणि घण घातला. पहिल्याची वाकली, टिकली. दुसऱ्याची टिकली. तिसऱ्याची टिकली. नरहरीची पट्टी दुसऱ्या घावाला बिस्किटासारखी तुटून शिकंज्याच्या पलीकडे जाऊन पडली. आवाज फार झाला नाही.

साहेबानं खाली पडलेलं रॉडचं थोटूक उचललं आणि टोकावरचा आकडा वाचला. "तीन सौ आठ. ये किसने दिया?"

नरहरीनं थोटकाच्या दिशेनं पाहिलं.  त्याच क्षणी त्याला समजलं असेल, की उजव्या खांद्यावरचा बरोबर होता. पण तो म्हणाला, "औरत ने दिया, साब."

आणि सगळ्या शेडनं ते मानलं. मानणारच. त्यानं स्वतः डब्यात हात घातलेला चार जणांनी पाहिला होता, तरी मानलं. दोन वर्षं रोज ऐकत आले होते, की ही बाई बेअक्कल आहे.

"साब, ये बाई ऐसीच है," श्यामराव म्हणाला. "दो साल से देख रहा हूँ मैं. कल भी इसने गड़बड़ की."

साहेब तिच्याकडे वळला. तिचा गाल बघून त्याचा चेहरा जरा बदलला. "बाई, पढ़ना आता है तुमको?"

वनमालेनं नरहरीकडे पाहिलं. हो म्हणावं, तर वाचता येत असून चुकीचा रॉड दिला, म्हणजे मुद्दाम दिला. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न येईल, की मग हा तुझ्याकडून का वाचून घेतो. तुमसरच्या शाळेत तिचा सातवीत तिसरा नंबर आला होता.

"नहीं, साब," ती म्हणाली.

"तो फिर इसकी क्या गलती?" साहेब सगळ्यांना उद्देशून म्हणाला. भला माणूस होता, हे म्हणायलाच हवं. "अनपढ़ औरत से रॉड उठवाओगे तो यही होगा. इतना अच्छा हाथ है इसका, मैं फेल नहीं करूँगा. कल फिर से टेस्ट. लेकिन हेल्पर नहीं चलेगा. सब रॉड मिलाकर रखूँगा. खुद पढ़ो, खुद उठाओ. ठीक है?"

"ठीक है, साब," नरहरी म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता.

श्यामरावानं वनमालेला त्याच दिवशी कामावरून काढलं. उद्यापासून गेटच्या आत पाय ठेवायचा नाही म्हणाला. तिनं डबे धुऊन जागेवर ठेवले.

घरी आल्यावर नरहरी भिंतीला टेकून बसला. ऊन अजून दाराच्या उंबऱ्यावर होतं. बराच वेळ तो दोन्ही हातांची बोटं चाचपत राहिला.

"पयला बरोबर होता?" त्यानं विचारलं.

"हव."

"मंग बोलली काहून नाही?"

"कशी बोलू? साहेब होता नं समोर."

"बोलाले पायजे होतं तुनं," तो म्हणाला. "काही झालं तरी बोलाले पायजे होतं." आणि मग आवाज खाली आणून, दोन वर्षांपूर्वीच्या आवाजात, "वने, आठ अन् नऊ हातानं वळखता येते का गं? जरासा खरबडीत असन एखादा. वासानं? वजनानं?"

तिनं हे पूर्वीच करून पाहिलं होतं. डोळे मिटून, कितीदा तरी. "नाही वळखता येत," ती म्हणाली.

"जरासाही?"

"नाही. सारखेच हायेत." मग तिनं धीर करून म्हटलं, "अवो, साहेबाले डोळ्याचं सांगून द्या. भला दिसते तो. म्हनन, कार्ड देतो, आधी डोळे करून ये."

"अन् नाही म्हनलं तं? पंचवीस वर्सं वेल्डर हाये मी. उद्या विटा उचलू का?" तो उठला आणि तोंडावर पाणी मारायला गेला. तांब्या त्याला दोनदा हात फिरवूनही सापडला नाही. तिनं उचलून हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेटपर्यंत गेली. वॉचमननं तिला आत सोडलं नाही, म्हणाला, "फोरमन साहब का ऑर्डर है, दीदी." ती भिंतीच्या कडेला, हातभर सावलीत बसली. आतून ग्राइंडरचे आवाज येत होते. मग ते बंद झाले. परीक्षा सुरू झाली असणार. ती घणाच्या आवाजाची वाट बघत होती. टिकलेल्या जोडाचा आणि तुटलेल्या जोडाचा आवाज तिला बाहेरूनसुद्धा ओळखता आला असता.

घणाचा आवाज आलाच नाही. दहाएक मिनिटांनी गेट उघडलं आणि नरहरी बाहेर आला. कातडी मोजे काखेत, जेवणाचा डबा हातात. उन्हात येताच त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि जागच्या जागी थांबला. पांढऱ्या झगमगाटात त्याला काहीच दिसत नसावं. वनमाला पुढे झाली.

"काय झालं?"

"रॉड उचलाले लावलं. मंग म्हने, वाचून दाखव."

"मंग?"

"मी म्हनलो, तीन सौ नौ."

"मंग?"

"साधा लोखंडाचा होता. भेवानं हातानं चाचपलाबी नाही." त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "साहेबानं दुसरा दिला, तिसरा दिला. म्हने, ये? म्हने, ये पढ़ो? मी सगळ्याईले नऊच म्हनलो."

"हसले लोकं?"

"नाही. कोनीच नाही हसलं." त्यानं उन्हाकडे पाठ केली. "श्यामरावदादानं हिशोब करून टाकतो म्हनलं. बरं वाटन तेव्हा ये म्हनते, गेटवर बसाचं काम पाहतो म्हनते. अन् गेटवर तं मानूस हाये."

 पायलला काय सांगायचं, एवढाच विचार वनमालेच्या डोक्यात आला. ती चालायला लागली. दोन पावलांवर तिला मागून त्याचा हात चाचपडत आलेला जाणवला. तो तिच्या उजव्या खांद्यावर विसावला आणि तिथंच राहिला. आज त्या हातात मोजा नव्हता, तळवा घामानं ओला होता. अशी ती दोघं उरल्याच्या रस्त्यावरून निघाली. ट्रक धूळ उडवत जात होते, डांबर मऊ होऊन चपलेला चिकटत होतं.

समोरून शेडमधला ग्राइंडरवाला आणि आणखी एक जण सायकलवर डबलसीट येत होते, दुसऱ्या पाळीला. त्यांनी नरहरीला पाहिलं आणि सायकल हळू केली. नरहरीला चेहरे दिसले नाहीत, पण सायकलची खडखड आणि "क्या भैया, जल्दी छुट्टी?" हा आवाज त्यानं ओळखला. त्याची पाठ ताठ झाली. बोटं तिच्या खांद्यात रुतली.

"नीट चाल वं!" तो मोठ्यानं ओरडला. "डोळे फुटले का तुह्ये?"

सायकलवरचे दोघं सवयीनं हसले आणि पुढे निघून गेले.

वनमालेनं पाऊल जरा आखूड केलं, म्हणजे त्याला बरोबर चालता यावं. "म्होरं नाली हाये," ती हळूच म्हणाली. "पाय उचला."